झेरॉक्सकाकांचं पान

आमच्या आतोबांना गल्लीत नावाने कुणी ओळखत नाही. झेरॉक्सकाका कुठे बसतात असं विचारलं, तर मात्र शेंबडं पोरसुद्धा हाताला धरून दुकानापर्यंत आणून सोडेल. दुकान म्हणजे दोन झेरॉक्स मशिनं, एक म्हातारा कॉम्प्युटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि आतोबा. शेजारचा गाळा माझा. मी कपडे शिवते, पण माझं खरं काम जुने कपडे सैल करून देण्याचं, कारण लोक जाड होतात आणि धुऊन धुऊन कापड आटलं म्हणून सांगतात. आमच्या मध्ये प्लायवुडची एक भिंत आहे. त्यांच्या मशिनची घरघर मला ऐकू येते आणि माझी बडबड त्यांना. या सौद्यात आपण साफ बुडालो, असं ते म्हणायचे.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं या माणसाशी लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचं एकच मत होतं, की मुलगा सरळ आहे, पण जरा अतीच. हे मत पुढे कुणाला बदलावं लागलं नाही. एखाद्याने दहा प्रती मागितल्या आणि त्यातली एक कोपऱ्यात फिकी आली, तर आतोबा ती बाजूला काढून नवी काढणार. गिऱ्हाईक म्हणणार, "काका, चालेल हो." आतोबा म्हणणार, "तुम्हाला चालेल, मला नाही चालत." गिऱ्हाइकाची बस चुकली तरी बेहत्तर.

त्यांचा एकुलता एक मुलगा टिल्लू. नाव पडलं तेव्हा तो खरोखरच टिल्लू होता. पुढे दारातून वाकून आत यायला लागला तरी नाव काही सुटलं नाही. शिक्षणात त्याचा जीव रमला नाही, यंत्रांत रमला, आणि तो एका मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये लागला. आमच्या भागातली बरीच मुलं अशी जहाजावर जातात. बाजारातल्या एजंटच्या ऑफिसात नाव नोंदवायचं, तब्येतीची तपासणी करून घ्यायची आणि बॅग उचलायची. किनारा जवळ असला की त्यांचे फोन येतात. मधल्या समुद्रात फोन नाही, काही नाही. तेव्हा कंपनी आपल्या वेबसाइटवर प्रत्येक जहाजाची दोन ओळींची नोंद टाकते. जहाज कुठे आहे त्याचे आकडे, हवा कशी आहे, आणि शेवटी, सर्व ठीक.

घरच्यांना त्या शेवटच्या दोन शब्दांशीच मतलब. पण वेबसाइट परक्या भाषेत, त्यात जहाजाची नोंद सापडायची म्हणजे दहा ठिकाणी बोट लावायचं. त्यामुळे बायका फोन घेऊन आतोबांकडे यायच्या. "काका, जरा आमचं जहाज बघा ना." आतोबा झेरॉक्स सोडून जहाजं शोधत बसायचे. एक झालं की दुसरी. शेवटी त्यांनी ठरवलं की या सगळ्या जहाजांचं मिळून आपल्या भाषेत एक पान करायचं. वेबसाइट कशी बनवतात याची त्यांना शून्य माहिती होती. त्या वयात त्यांनी ते सगळं मुळापासून शिकून घेतलं. चुकायचं, पुन्हा करायचं, स्वतःवरच चिडायचं. मी भिंतीपलीकडून विचारायचे, "आतोबा, कुणाशी भांडताय?" ते म्हणायचे, "या स्वल्पविरामाशी."

फीड म्हणजे काय, हे त्यांनी मला समजावून सांगितलं, तेही मी न विचारता. "असं समज, कंपनीच्या दारात एक फळा आहे. नवीन काही कळलं की त्यांचा माणूस त्यावर सगळ्यात वर लिहितो. मथळा, मजकूर आणि लिहिल्याची तारीख-वेळ. तो फळा म्हणजे फीड. तो यंत्रांनी वाचायचा असतो, म्हणून त्याला रंग नाही, चित्र नाही. आणि आपलं पान म्हणजे एक हरकाम्या. दर अर्ध्या तासाने जातो, फळा वाचतो आणि आपल्या भिंतीवर तसंच उतरवतो."

"आणि फळ्यावर नवीन काही नसलं तर?"

"तर आपल्याकडे जुनंच राहतं."

"आणि फळ्यावर लिहिणाराच गेला तर?"

"तुझ्या जिभेला काही हाड," आतोबा म्हणाले आणि लॅमिनेशन करायला वळले.

पान झालं. नोंदींमधली वाक्यं ठरलेली असायची, पाच-सहाच. त्यांचं आपल्या भाषेतलं रूप आतोबांनी एकदाच लिहून ठेवलं, की पान आपोआप ते लावायचं. आत्याचा दिवस त्या पानाने सुरू व्हायचा. चूल-भांडी नंतर, आधी फोन. "टिल्लूचं सर्व ठीक" हे ती असं म्हणायची की जणू टिल्लू आत्ताच फोन ठेवून आंघोळीला गेलाय.

सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त तारखेने छळलं. कंपनीचे लोक नोंदी टाकायचे त्या त्यांच्या सवडीने. कधी रोज, कधी दोन दिवस काहीच नाही. पानावर नोंदीची तारीख दिसायची. ती परवाची दिसली की इकडे कुणीतरी दुकानात धावत यायचं. "काका, परवाचं दाखवतंय, काही झालं का हो?" आतोबा समजावायचे, तासाभराने दुसरी बाई तेच विचारायची. मग एक दिवस आमच्या पोस्टमनच्या बायकोने जुनी तारीख बघितली आणि तिच्या छातीत कळ आली. तिचा मुलगा टिल्लूच्याच जहाजावर. ती आधीच हृदयाची पेशंट. तिला दवाखान्यात हलवावं लागलं. जहाज मजेत होतं. नोंद टाकणारा रजेवर होता, एवढंच.

आतोबांच्या ते फार जिव्हारी लागलं. आपल्या पानामुळे एक बाई मरता मरता वाचली, असं ते म्हणायला लागले. त्यांनी पानावरून नोंदीची तारीखच काढून टाकली आणि तिच्या जागी पानाने फीड शेवटचं कधी वाचलं ती वेळ घातली. "शेवटचं तपासलं", पुढे वेळ. पण फोनच्या छोट्या पडद्यावर ते दोन शब्द मावेनात. ओळ तुटायची आणि "सर्व ठीक" खाली ढकललं जायचं. ज्याला फिकी झेरॉक्स चालत नाही, त्याला तुटलेली ओळ कशी चालेल? त्यांनी तिथे एकच शब्द ठेवला. ताजं.

झालं. दर अर्ध्या तासाने प्रत्येक जहाजापुढे नवी वेळ. ताजं, सर्व ठीक. फोन थांबले. दुकानात येणाऱ्या बायका आता फक्त झेरॉक्ससाठी यायच्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, कुणालाच दिसलं नाही. त्या वेळेचा अर्थ काय, हे आतोबांनी सुरुवातीला सांगितलंही होतं. लोकांनी मान डोलावली आणि विसरून गेले. काही दिवसांनी आतोबाही सकाळी पान उघडून "सगळी ताजी आहेत" असं समाधानाने म्हणायला लागले. खोटं बोलायचं नाही आणि कुणाला घाबरवायचंही नाही, असा ज्याचा हट्ट असतो, त्यालाच अशी युक्ती सुचते. मला आजही त्यांचा राग येतो तो या हट्टाचा, आणि कणवही त्याचीच येते.

यातली खोच पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली असेल तर नर्सबाईच्या. ती सरकारी दवाखान्यात नोकरीला. तिचा नवरा त्याच जहाजावर स्वयंपाकी. आमच्या वस्तीतली तीनच माणसं त्या जहाजावर होती. टिल्लू, पोस्टमनचा मुलगा आणि हा. ड्यूटी संपवून ती कसलेतरी कागद झेरॉक्स करायला आली होती. मशीन चालू होतं आणि ती फोन बघत उभी होती.

"काका, हे जहाजाचे आकडे बघा. परवा बघितले तेव्हापासून एकही आकडा हललेला नाही."

"नांगर टाकला असेल," आतोबा म्हणाले.

"मधल्या समुद्रात?" ती म्हणाली. "आमच्याकडे पेशंटचं टेंपरेचर लागोपाठ तीनदा अगदी तेच आलं ना, तर आम्ही पेशंटला सोडून आधी थर्मामीटर बघतो. तुमचं पान एकदा बघा."

भिंतीपलीकडे मला मशिनचा आवाज ऐकू येत होता. कागद पडत होते आणि कुणी उचलत नव्हतं. आतोबांच्या दुकानात असं होत नाही. मी सुई टोचून ठेवली आणि गेले. ट्रे भरून कागद जमिनीवर सांडले होते. दोघं कॉम्प्युटरसमोर वाकली होती. आतोबांनी आपलं पान बाजूला ठेवून फीड उघडलं होतं, कंपनीचं, जसंच्या तसं. काळी अक्षरं, खुणाच खुणा. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं होतं. ती नोंद लिहिल्याची तारीख होती. गेल्या आठवड्यातली.

"बाकीची जहाजं?" मी विचारलं.

"बाकीची रोज लिहिली जातायत. फक्त हे नाही."

"म्हणजे आठवडाभर..." नर्सबाई म्हणाली.

"आठवडाभर मी सगळ्यांना सांगतोय, आत्ता ठीक आहे, आत्ता ठीक आहे," आतोबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. मग त्यांनी फीड पुन्हा एकदा उघडून तीच ओळ वाचली.

ते नेहमी म्हणायचे, फीडमध्ये फक्त लिहिलेलं कळतं. कुणी लिहिलं नाही, तर का लिहिलं नाही हे सांगायची त्यात सोयच नाही. रजा असो, आळस असो, की आणखी काही, फीड सारखंच दिसतं. त्या दुपारी ती साधी गोष्ट मला पहिल्यांदा कळली.

आम्ही तिघं एजंटच्या ऑफिसात गेलो. काचेमागे एक तरुण बसला होता, केस नीट विंचरलेले, वाईट मुलगा नसावा. आतोबांनी जहाजाचं नाव सांगितलं. त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग आमच्याकडे न बघता म्हणाला, "संपर्क चालू आहे."

"म्हणजे बोलणं झालं?"

"संपर्काचे प्रयत्न चालू आहेत."

"कधीपासून?" नर्सबाईने विचारलं.

"ते मला इथून दिसत नाही, मॅडम. काही कळलं की कंपनी वेबसाइटवर टाकेल. तुम्ही वेबसाइट बघत राहा."

आतोबा काचेच्या त्या छोट्या भोकाशी वाकून उभे होते. ते म्हणाले, "बाळा, वेबसाइट तर मीच दाखवतो सगळ्यांना. मला माणूस दे कुणीतरी बोलायला." त्या मुलाने एक नंबर लिहून दिला. तो नंबर आम्ही तिथेच पायरीवर बसून लावला. एका बाईने अत्यंत गोड आवाजात सांगितलं की जहाजांच्या नोंदी दुसरा विभाग बघतो, आणि त्या विभागाचा नंबर म्हणून जो दिला तो याच ऑफिसचा होता. नर्सबाई हसायला लागली. हसता हसता तिने तोंडावर पदर दाबून धरला.

दुकानात आल्यावर आतोबांनी पहिलं काम केलं ते तारखा परत आणण्याचं. "ताजं" गेलं, प्रत्येक नोंद कंपनीने कधी लिहिली ते दिसायला लागलं. एक सोडून. टिल्लूच्या जहाजापुढे त्यांनी "ताजं" तसंच ठेवलं.

माझं डोकं फिरलं. "आतोबा, गावाला खरं आणि घरच्यांना खोटं?"

"त्यात खोटं एक अक्षर नाही. आत्ता तपासलंच आहे मी."

"तुम्हाला कळतंय मी काय म्हणतेय ते."

"मग तू जा आणि सांग तुझ्या आत्याला," ते म्हणाले. "जा ना. तुझं तोंड तर चालतं. आणि येताना पोस्टमनच्या बायकोलाही सांगून ये, तिच्या छातीवर हात ठेवून."

मी नर्सबाईकडे बघितलं. तिच्या घरी सासू, तीही रोज पान बघणारी. ती म्हणाली, "राहू द्या दोन दिवस. कंपनीचा घोळ असेल." मीही गेले नाही. कारण मलाही आत्यासमोर जाऊन उभं राहायची हिंमत नव्हती.

पोस्टमनला मात्र आतोबांनी खरं सांगितलं. वाटेत गाठून सांगितलं. त्या माणसाने पिशवी खांद्यावरून काढली, पुन्हा घातली, आणि "घरी बोलू नका" एवढंच म्हणाला.

मग ते दिवस गेले, कसे गेले ते विचारू नका. आतोबा दुकान उघडायचे, पण गिऱ्हाइकाकडे त्यांचं लक्ष नसायचं. लोक स्वतःच मशीन चालवून प्रती काढून न्यायचे. त्यातल्या फिक्या निघाल्या तरी आतोबांना कळायचं नाही. ते फीड उघडून बसायचे. पुन्हा उघडायचे. पुन्हा. त्यांनी मनाशी एक आशा धरली होती आणि ती त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की मला पाठ झाली. कधी कधी कंपन्या फीडचा पत्ता बदलतात. जुना फळा तसाच टांगलेला राहतो आणि माणूस नव्या फळ्यावर लिहीत असतो. तसं झालं असेल. नव्या पत्त्यावर टिल्लूच्या जहाजाच्या रोजच्या नोंदी पडत असतील आणि आपला हरकाम्या मूर्खासारखा जुन्या दारात जात असेल. मग ते पत्त्यातलं एक अक्षर बदलून बघायचे, दुसरं बदलून बघायचे. प्रत्येक वेळी पडद्यावर तेच, असं पान नाही.

"माझंच काहीतरी चुकलेलं असणार," ते म्हणायचे. "मी काय, शिकाऊ माणूस. चूक निघेलच." आयुष्यभर ज्याने स्वतःची चूक सहन केली नाही, तो आता आपली चूक सापडावी म्हणून जीव टाकत होता. नर्सबाई रोज ड्यूटीनंतर यायची, स्टुलावर बसायची आणि विचारायची, "सापडली का चूक?" ते म्हणायचे, "अजून नाही."

नकाशावर जहाजं दाखवणाऱ्या वेबसाइटही त्यांनी धुंडाळल्या. तिथे त्या जहाजाचा शेवटचा ठिपका किनारा सोडतानाचा होता. कंपनीला त्यांनी निरोपावर निरोप पाठवले. उत्तर लगेच यायचं, अगदी त्याच क्षणी. आपला निरोप मिळाला, आम्ही लवकरच संपर्क साधू. पहिल्यांदा ते उत्तर आलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते. नंतर कळलं, तेही यंत्रच लिहितं.

मी दुपारचं जेवण आत्याकडे करते. आतोबाही घरी येतात. त्या दिवसांत त्या ताटावर बसणं मला शिक्षेसारखं वाटायचं. आत्या वाढता वाढता फोन उघडायची, डोळे बारीक करून वाचायची. "आजही ठीक आहे हो टिल्लूचं. वारा मध्यम म्हणे." आतोबांचा घास हातातच राहायचा. ती म्हणायची, "जेवा ना. पोरगा ठीक आहे म्हणतेय ना मी?" मग ते जेवायचे. एकेक घास ढकलायचे, पण जेवायचे. मला तिचा तो आनंद बघवत नव्हता. एकदा तर मी तिच्यावर चिडून म्हटलं, "आत्या, सारखा फोन काय बघतेस?" ती म्हणाली, "मग काय तुझं तोंड बघू?"

ती नोंद आली ती भर दुपारी. नर्सबाई स्टुलावर बसलेली. मी एका पँटची उसवलेली शिवण हातात घेऊन तिथेच उभी होते, कारण माझंही माझ्या दुकानात मन लागत नव्हतं. आतोबांनी फीड उघडलं आणि वरती काहीतरी नवीन होतं.

त्यात आकडे नव्हते. हवा नव्हती. वाक्य लांब होतं आणि ते त्या ठरलेल्या पाच-सहा वाक्यांपैकी नव्हतं. त्याचं आपल्या भाषेतलं रूप आतोबांनी कधी लिहून ठेवलंच नव्हतं. ते त्यांनी मनातल्या मनात लावून वाचलं, ओठ हलत होते. नर्सबाईला दवाखान्यामुळे ती भाषा येत होती. तिने आतोबांच्या आधी वाचून संपवलं. तिने माझ्या हातातली पँट घेतली आणि घट्ट धरून बसली.

आमचं पान अजून तिकडे गेलं नव्हतं. अर्धा तास व्हायला थोडा वेळ होता. मग हरकाम्या जाणार होता आणि ते परकं वाक्य जसंच्या तसं आणून तीन घरांतल्या फोनवर ठेवणार होता. पोस्टमनची बायको ते कुणाकडून तरी वाचून घेणार होती. रस्त्यावर, दुकानात, शेजारच्या कॉलेजच्या पोराकडून.

"थांबवा ते," नर्सबाई म्हणाली.

आतोबांनी पान बंद केलं. एवढी मेहनत करून उभं केलेलं, गावातल्या सगळ्या जहाजांचं पान त्यांनी दोन बटणं दाबून बंद केलं, आणि मशिनांची बटणंही एकेक करून बंद केली. दुकानात एकदम शांत झालं. मग ते उभे राहिले, पण कुठे जायचं ते त्यांना सुचेना.

"पोस्टमनकडे मी जाते," नर्सबाई म्हणाली. "मला औषध बरोबर नेता येईल. मग घरी जाईन. तुम्ही आत्यांकडे जा." तिचा नवरा गेला होता आणि ती औषधाचा विचार करत होती. तिने पँट घडी करून माझ्या हातात दिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती म्हणाली, "आत्ता नको. आत्ता हात लावू नका मला."

आम्ही घरी निघालो. आतोबा माझ्या पुढे चालत होते, नेहमीपेक्षा वेगात. कुणीतरी हाक मारली, "झेरॉक्सकाका, दुकान बंद केलंत? आणि ते पानही उघडत नाहीये." ते थांबले नाहीत. एजंटच्या ऑफिसातून फोन आला तो संध्याकाळी, सगळं होऊन गेल्यावर.

आत्या स्वयंपाकघरात खाली बसली होती. भाजी निवडायला घेतलेली, पण निवडत नव्हती. फोन समोर पालथा ठेवलेला.

"पान बंद आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही केलंत."

आतोबा दारातच उभे राहिले. "अगं, ऐक," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "त्या दिवशी सगळ्या जहाजांपुढे तारखा आल्या. आपल्याच पुढे नाही. मी काय आंधळी आहे?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. आतोबांनी विचारलं, "मग रोज वाचून का दाखवत होतीस?"

"तुम्ही जेवावं म्हणून," ती म्हणाली. "तुम्हाला वाटत होतं मला कळलेलं नाही. तेवढ्यावर तरी दोन घास जात होते तुमच्या पोटात. सांगा आता. काय लिहिलंय?"

मग आतोबांनी ते वाक्य तिला आपल्या भाषेत सांगितलं. उभ्या उभ्या, अडखळत. जहाजाशी संपर्क तुटला होता. शोध घेतला, तो आता थांबवण्यात आला आहे. जहाजावरचं कुणी वाचल्याची माहिती नाही. एवढं सांगताना ते दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, "पुढे."

ती रडली नाही. हातातली जुडी तिने ताटात ठेवली, हात पुसले. "तारीख काय आहे त्यावर?"

"आजची."

"ती तर लिहिल्याची झाली. तुम्हीच सांगता ना, लिहिल्याची वेगळी, बघितल्याची वेगळी. टिल्लू गेला ती कुठली?"

"ते नाहीये त्यात."

"कुठेच नाही?"

"नाही गं."

आत्याने फोन सुलटा केला आणि बंद पडद्याकडे बघितलं. "रोज सकाळी मी हे उघडून त्याला मनातल्या मनात म्हणायचे, टिल्लू, जेवून घे," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला. "रोज म्हणत होते. त्यातल्या किती सकाळी तो होता, एवढं तरी सांगा मला. मी कुणाला म्हणत होते?"

आतोबा तिच्याजवळ खाली बसले. त्यांनी तिचा हात धरायला हात पुढे केला, पण धरला नाही. "मला माहीत नाही," ते म्हणाले. आत्याने पुन्हा तेच विचारलं, आणि ते पुन्हा तेच म्हणाले.